आधी पट्टा आणा, कुत्रं नंतर

सिंहगड रोडवरच्या एका चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी घर बघायला गेले होते. रस्त्यावर सापडलेली, आजारातून उठलेली पिल्लं मी काही महिने सांभाळते आणि मग चांगलं घर शोधून देते. द्यायच्या आधी घर बघून येते, स्थळ बघायला जातात तसंच. त्या घरात सगळे खुशीत होते. मुलाने नाव ठरवलं होतं, वडिलांनी बाल्कनीची मापं घेऊन ठेवली होती, आईने मोबाइलवर मला पाच प्रकारच्या गाद्या दाखवल्या. आजी खाली बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे. मूत कोण पुसणार?"

सगळे गप्प झाले. मुलाने आईकडे बघितलं, आईने वडिलांकडे.

त्या दिवशी मी पिल्लू दिलं नाही. त्यांच्यासारखेच तुम्हीही 'आपल्याला जमेल का' या प्रश्नाशी अडला असाल, तर मी त्या घराला जे करायला सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते. कुत्र्यावर माया आहे की नाही हे मी कुणाला विचारत नाही, ती सगळ्यांकडेच असते. मला बघायचा असतो घरातला रोजचा दिवस.

पहिली पायरी: घरातल्या प्रत्येकाचा होकार, आणि कामांचा कागद

'आई नाही म्हणते, पण एकदा आणलं की तिला लळा लागेल' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की चहा संपवून उठते. लळा लागतोही बऱ्याचदा, पण लागला नाही तर परत माझ्याच दाराशी येतं ते, सहा महिन्यांचं, गोंधळलेलं. घरात कुणाला सोवळ्याची अडचण असेल, कुणाला भीती वाटत असेल, तर ते आधीच उघड बोला. (दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री चालतात आणि सोफ्यावरचं एक चालत नाही, यावर आजी मंडळींशी वाद घालू नका. कुठल्या खोलीत येईल, कुठे येणार नाही, एवढं ठरवून घ्या. देवघर आणि स्वयंपाकघर बंद ठेवूनही कुत्रं आनंदात राहतं.)

मग एका कागदावर कामं लिहा: सकाळचं फिरवणं, रात्रीचं फिरवणं, दोन वेळचं खाणं, पाण्याचं भांडं, शी-शू उचलणं, केस विंचरणं, दवाखाना. प्रत्येक कामापुढे एकच नाव. 'सगळे मिळून' असं लिहिलंत, तर ते काम घरातली एकच बाई करणार. तिला विचारा, तिचा होकार आहे का.

मुलांसाठी घेत असाल तर एक साधी बेरीज करा. कुत्रं दहा ते पंधरा वर्षं जगतं. मुलगा आज नऊ वर्षांचा असेल, तर त्याची दहावी, बारावी, कॉलेज सगळं याच काळात येणार. मग तो बंगळुरूला किंवा थेट अमेरिकेला जाईल आणि कुत्रं साठीच्या आईवडिलांकडे राहील. पुण्यात अशी कितीतरी घरं आहेत जिथे मुलं परदेशात आहेत आणि व्हिडिओ कॉलवर आधी कुत्र्याला बोलावतात. त्याला फिरवायला गुडघे धरून जिना उतरतात ते वडील. तेव्हा कुत्रं मुलासाठी घेताय की स्वतःसाठी, हे आताच ठरवा. 'स्वतःसाठी' हे उत्तर आलं तरच पुढे वाचा.

घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर ज्यांच्याकडे कुत्रं आहे अशा ओळखीच्यांकडे त्या माणसाने दोन-चार वेळा तासन्‌तास बसून यावं. पाच मिनिटांच्या भेटीत काही कळत नाही.

दुसरी पायरी: पंधरा दिवस रिकामा पट्टा

हाच खरा पेपर. शंभरेक रुपयांचा साधा पट्टा आणा आणि दाराजवळच्या खुंटीला लावा. उद्यापासून पंधरा दिवस, सकाळी सहाला आणि रात्री दहाला, तो पट्टा हातात घेऊन कागदावर ज्याचं नाव आहे त्याने पंचवीस मिनिटं चालून यायचं. लोक बघतील, वॉचमन विचारेल. विचारू दे. परत आलं की कालनिर्णयवर त्या तारखेला टिकमार्क. पाऊस असला तरी जायचं, रविवारीही जायचं, आदल्या रात्री लग्नाहून बाराला आलात तरी सहाला जायचं. शक्यतो हे जुलैत करा. डिसेंबरच्या गुलाबी थंडीत सगळेच पास होतात.

याच पंधरा दिवसांत आणखी दोन गोष्टी. एकदा फिरून येताना रस्त्यावरची एखादी शी कागदात उचलून कचऱ्यात टाका. पोटात ढवळेल, हरकत नाही, पण हात पुढे झाला का ते बघा. आणि एका रात्री तीनचा गजर लावून उठा, हॉलमध्ये फरशीवर पेलाभर पाणी ओता, ते पुसा आणि परत झोपा. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार तर दोन-तीन तास धरता येते, त्यामुळे पहिले काही आठवडे तुमची रात्र अशीच जाणार. (पुसायला फिनाईल नको. ते कुत्र्याच्या पंजांना लागतं, पंजे चाटले की पोटात जातं. साबणाचं पाणी आणि थोडं पांढरं व्हिनेगर पुरतं.)

त्या सिंहगड रोडच्या घरात पंधरा दिवसांचे तीस टिकमार्क व्हायला हवे होते. मी परत गेले तेव्हा मुलाचे चार होते आणि वडिलांचे नऊ. उरलेल्या रिकाम्या जागांवर आजींनी लाल पेनाने गोल केले होते. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. मुलाची परीक्षा झाल्यावर पुन्हा करून बघू, असं वडीलच म्हणाले.

दिवसभर घर बंद राहत असेल, दोघंही नऊला निघून आठला येत असतील, तर पिल्लाचा विचार सोडा. मोठं, सवय असलेलं कुत्रं सहा-सात तास एकटं राहू शकतं, तेही सकाळी चांगलं फिरून आलेलं असेल तर. त्याहून जास्त वेळ ते राहतं, पण मग सोफा राहत नाही, आणि शेजारी तक्रार घेऊन येतात.

तिसरी पायरी: घर कुणाचं, सोसायटी कुठली

सोसायटी कुत्रं पाळायला बंदी करू शकत नाही. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरीही नाही. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने, म्हणजे केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने, 2015 साली तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कुत्र्याला लिफ्ट वापरू न देणं हेही त्यात बसत नाही. पण त्याच तत्त्वांमध्ये तुमचीही जबाबदारी आहे: बाहेर पट्टा लावूनच न्या, घाण स्वतः उचला, लस वेळेवर द्या. नियम दाखवून भांडायला जाण्याआधी शेजारच्या काकूंना कुत्र्याची भीती वाटते का, हे विचारून या. लिफ्टमध्ये त्या असतील तर पुढच्या फेरीला जा. नियमाच्या कागदाने मिटत नाही ते अशाने मिटतं.

भाड्याच्या घराचं वेगळं. सोसायटी अडवू शकत नसली, तरी घरमालक करारात 'पाळीव प्राणी नको' असं लिहून घेऊ शकतो. करार अकरा महिन्यांचा आणि कुत्रं तेरा वर्षं जगलं, तर तेवढ्या काळात चौदा करार होतात. दर वेळी घर शोधताना यादीतली निम्मी घरं आपोआप गळणार आणि एजंट वैतागणार, हे गृहीत धरा. 'घर बदलतोय म्हणून द्यायचंय' असे फोन मला मे-जूनमध्ये सगळ्यात जास्त येतात. पाळलेल्या जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 खाली गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. आणि महापालिकेचा कुत्र्याचा परवाना लागतो, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जपून ठेवा.

बंगला किंवा शेत असणाऱ्यांना वाटतं, आपल्याला हा प्रश्नच नाही. जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात रात्री अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला मांडलेलं ताट. उसाला लागून घर असेल तर कुत्रं रात्री आतच हवं. तेवढी तयारी नसेल तर राखणीसाठी घंटेचं बटण लावा, स्वस्त पडेल.

चौथी पायरी: पैसे

दत्तक कुत्रं फुकट मिळतं, असं समजू नका. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत. तीन महिन्यांनंतर रेबीजची. पुढे लसींचे वार्षिक डोस, वेळोवेळी जंताचं औषध, गोचिडांचं औषध, आणि एकदा नसबंदी. जवळच्या दोन व्हेटना फोन करून या प्रत्येकाचे दर विचारा आणि कागदावर मांडा. रात्री-अपरात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

आमच्या 17 किलोच्या गावठी कुत्रीला महिन्याला साधारण 3,000 ते 3,500 रुपये लागतात. एका पावसाळ्यात तिला गोचीड ताप आला, त्या महिन्यात 11,000 गेले. त्यामुळे महिन्याचा खर्च जमतोय एवढ्यावर थांबू नका. एकदम 15-20 हजार काढायची वेळ आली तर ते कुठून येणार, याचं उत्तर आधीच हवं.

इथे माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल. आमचं पहिलं पिल्लू आणून देणाऱ्याने ते 'दीड महिन्याचं' म्हणून दिलं. जेमतेम महिन्याचं असावं. आईपासून इतक्या लवकर तोडू नये, दोन महिने तरी तिच्याजवळ राहू द्यावं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी त्याला कौतुकाने खाली नेलं, जिथे कॉलनीतली सगळी कुत्री जातात तिथे. सहाव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची शी. पार्व्हो. चार दिवस सलाईन लावलं, पाचव्या दिवशी गेलं. या रोगाचा विषाणू मातीत, फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून लसीचा पूर्ण कोर्स झाल्याशिवाय पिल्लाचा पाय रस्त्याला लागू द्यायचा नाही. आणि घरात असं पिल्लू गेलं असेल, तर निदान सहा महिने तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू आणायचं नाही.

पाचवी पायरी: स्वयंपाकघर

दूध-पोळीवर कुत्रं वाढत नाही. मोठ्या कुत्र्यांना दूध बहुधा पचतही नाही. अंडं, चिकन, मासे घरात चालत नसतील तर आधीच व्हेटशी बोला. शाकाहारी खाण्यावर कुत्रं ठेवता येतं, पण त्यात पुरेसं प्रोटीन जाईल असं ते आखावं लागतं. 'आम्ही जे खातो ते खाईल' म्हणून भागत नाही.

आपण जे खातो त्यातलं बरंच त्याला चालतही नाही. कांदा आणि लसूण त्याच्या रक्ताला घातक, म्हणजे उरलेला रस्सा, मिसळीचा कट, कांदाभजी सगळं बाद. द्राक्षं आणि बेदाणे किडनीवर जातात. शिऱ्यातला बेदाणासुद्धा त्यात आला. चॉकलेट नाही. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांचे काटेरी तुकडे होऊन आतड्यात रुततात. मोठ्या माणसांना हे समजावणं कुत्र्याला समजावण्यापेक्षा अवघड. प्रत्येक घरात एक आजोबा असतातच, 'एवढ्याशाने काय होतंय' म्हणणारे.

सहावी पायरी: बारा महिन्यांचं कॅलेंडर

पट्ट्याच्या पंधरा दिवसांत वर्ष दिसत नाही. म्हणून कालनिर्णय पुढे घ्या आणि पानं उलटत जा.

एप्रिल-मे: कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळं धापा टाकूनच. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे फिरवणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर उलटा तळहात ठेवा. सात सेकंद ठेववला नाही, तर पंजेही भाजणार. शाळांना सुट्टी लागली की गावाला जायचं, तेव्हा कुत्र्याचं काय? रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. पेटीत मी माझं कुत्रं घालणार नाही.

जून ते सप्टेंबर: गोचीड, ओल्या पंजांना खाज, घरभर वास. मुंबईकरांना लेप्टो माहीत आहे, तुंबलेल्या पाण्यातून होतो तो. तो कुत्र्यालाही होतो, म्हणून लसीत त्याचा समावेश आहे का ते विचारून घ्या आणि साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. मग गणपती. कोकणात जाणारी घरं इथेच अडतात. पाच दिवस घरात पाहुण्यांचा राबता, ढोल, आणि गावच्या घरात कुत्रं चालेल की नाही याचा पत्ता नाही. त्या काळात सांभाळणारं माणूस आतापासून शोधा. बोर्डिंगवाले गणपती-दिवाळीला महिना-महिना आधीच भरलेले असतात.

दिवाळी: फटाक्यांना घाबरून कुत्री पळतात. त्या चार दिवसांत 'हरवले आहे'चे मेसेज सगळ्यात जास्त. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर, संध्याकाळी दारं-खिडक्या बंद, फिरवणं दिवसाउजेडी. आणि घरातलं एक माणूस फराळाच्या बोलावण्यांना न जाता त्याच्याजवळ बसणार. ते माणूस कोण, तेही कागदावर लिहा.

सातवी पायरी: कुठलं कुत्रं

माझं स्पष्ट मत आहे: पहिल्यांदाच पाळणाऱ्याने पिल्लू घेऊ नये. दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं, घरात राहिलेलं कुत्रं घ्यावं. पिल्लू मोठं झाल्यावर किती वाढेल, किती भुंकेल, मांजराच्या मागे लागेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. मोठ्या कुत्र्याबद्दल सांभाळणारा माणूस हे सगळं सांगू शकतो. विचारा त्याला: लहान मुलांजवळ कसं वागतं? खाताना जवळ गेलेलं चालतं का? एकटं ठेवलं तर? उत्तरं देताना तो अडखळला नाही आणि एखादा दोषही सांगितला, तर माणूस खरा आहे.

जातिवंतच हवं असा हट्ट असेल तर निदान हवेकडे बघा. विदर्भात हस्की पाळणं म्हणजे कुत्र्याला जन्मभर एसीच्या खोलीत कोंडणं. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री उन्हाळ्यात श्वासालाच महाग होतात. आणि 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. 'घेऊन जा, महिन्याचंच आहे, लवकर लळा लागतो' असं म्हणणाऱ्याकडून उठून या. आमच्या मातीतलं गावठी कुत्रं इथली हवा सोसतं, आखूड केसांचं असतं आणि हुशार असतं. फक्त त्याला रोज पळायला हवं.

फोनवर मला पहिला प्रश्न येतो, "नर आहे ना?" मादी कुणाला नको असते. कारण एकच, माज. नसबंदी न केलेली कुत्री साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि हे जवळपास तीन आठवडे चालतं. नसबंदी केली की तोही प्रश्न मिटतो. मोठी, नसबंदी झालेली मादी हे पहिलटकरासाठी सगळ्यात सोपं कुत्रं आहे, आणि नेमकं तेच माझ्याकडे सगळ्यात जास्त दिवस राहतं.

आठवी पायरी: आधी फोस्टर

इथपर्यंत येऊनही मन दोलायमान असेल, तर दत्तक घेऊ नका, फोस्टर करा, म्हणजे थोड्या दिवसांपुरतं सांभाळा. बहुतेक शहरांत असे गट आहेत ज्यांना महिना-दोन महिने कुत्रं ठेवणारं घर हवं असतं. औषधाचा खर्च बऱ्याचदा गटच करतो. महिन्याने 'जमत नाही' म्हटलंत, तर तुम्ही कुणालाही सोडून दिलेलं नाही, उलट एका कुत्र्याला महिनाभर छप्पर दिलंत. आणि महिन्याने परत द्यायला आलात आणि जिन्यातूनच माघारी फिरलात, तर तेही झालेलं मी पाहिलंय.

तेही जमत नसेल तर कॉलनीतलं एखादं कुत्रं सांभाळा. 2023 च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी-लस करून त्यांना सहसा होती त्याच जागी परत सोडतात. कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली समजा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खाणं घाला, लसीच्या तारखा लिहून ठेवा.

आणायचं ठरलं की

शुक्रवारी संध्याकाळी आणा, म्हणजे दोन दिवस घरात माणसं असतील. पाहुणे, शेजारची मुलं, फोटो, सगळं पुढच्या आठवड्यात. सोफ्याखाली लपलं तर ओढून काढू नका. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तरी घाबरू नका. चावलं किंवा दात लागला, कुत्रं घरचं असलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीचं विचारा. हळद, चुना, मिरची काही लावू नका.

रात्री ते रडेल. वेगळ्या खोलीत कोंडू नका. त्याची गोधडी तुमच्या पलंगाशेजारी घाला, हात खाली सोडला की लागेल इतक्या जवळ.

सिंहगड रोडच्या घरात परीक्षेनंतर तीसपैकी अठ्ठावीस टिकमार्क झाले. मी त्यांना पिल्लू दिलंच नाही, तीन वर्षांची तपकिरी मादी दिली, बाहेरच शी-शू करायची सवय लागलेली. पहिल्या रात्री दीड वाजता आईंचा मेसेज आला: रडत होती, आता शांत आहे. गोधडी कुणाच्या पलंगाशेजारी घातली, मी विचारलं. आजींच्या.